जाहिरातीतली आई

"हसू जरा जास्त झालं, आई," काचेपलीकडच्या जाहिरातवाल्याचा आवाज तिच्या कानांवरच्या हेडफोनमध्ये आला. "ते नौदलाचं हसू झालं. आता पायदळाचं चाललंय. पायदळातली आई हसत नाही, धीर देते."

"आणि विमानवाल्यांची?" तिने विचारलं.

"ती वर बघते."

"आता आवाजात वर कसं बघायचं हो?"

"तुम्हाला जमतं. तुम्हाला सगळं जमतं."

स्टुडिओत तिला सगळे आईच म्हणत. तिच्याहून वयाने चांगला मोठा असलेला रेकॉर्डिस्टसुद्धा. गेली कित्येक वर्षं ती पोटापाण्यासाठी आई होत आली होती. खोकल्याच्या औषधाची आई, साबणाची आई, डास पळवणाऱ्या वडीची आई. मध्यंतरी एका बँकेच्या फोनवर 'कृपया थोडा वेळ थांबा' म्हणणारी बाईही तीच होती. तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करतो. तो एकदा त्या फोनवर बराच वेळ ताटकळला आणि घरी येऊन म्हणाला, "घरात थांबवतेस तेवढं पुरत नाही का गं?"

पण लोकांच्या तोंडी ती होती ती सैन्यभरतीच्या जाहिरातीमुळे. पडद्यावर तिचा चेहरा कधी दिसला नाही. एक दार, एक पाठमोरा मुलगा आणि हा आवाज: "जा. मागे बघू नकोस. मी आहे इथेच."

हे वाक्य मुळात कागदावर नव्हतंच. कागदावर रक्त होतं, शौर्य होतं, सिंह होते, आणि ते वाचताना तिची जीभ सारखी अडखळत होती. "अहो, कुठली आई असं बोलते?" ती वैतागून म्हणाली होती. तेव्हाच्या जाहिरातवाल्याने विचारलं, "मग कसं बोलते?" आणि ती सहज बोलून गेली. मुलगा त्या दिवसांत नुकताच शाळेत जायला लागला होता. फाटकापाशी रोजची रडारड. वळून बघितलं, आई दिसली, की पुन्हा भोकाड. म्हणून तिने ही युक्ती काढली होती. पाठीवर हात ठेवायचा आणि सांगायचं, जा, मागे बघू नकोस, मी आहे इथेच. तो खरंच न बघता आत जायचा, आणि घंटा होईपर्यंत ती खरंच तिथे उभी राहायची. तो त्या दोघांचा निरोप होता. जाहिरातीत तो दिल्यावर आपल्याजवळून काही गेलं असं तिला वाटलं नाही. उलट घरी येऊन तिने ते कौतुकाने सांगितलं होतं.

मग तो आवाज रेडिओवर लागला, सिनेमाच्या आधी लागला, चौकाचौकातल्या खांबांवर चढला. ती मुलाला घेऊन बाजारात जायची. मध्येच एखादा कर्णा बोलायचा आणि तिचं बोट धरून चाललेला मुलगा गर्रकन वळून कर्ण्याकडे बघायचा, मग गोंधळून तिच्याकडे. दुकानदार हसायचे. शाळेतली पोरं तर त्याला खांबाचा मुलगा म्हणायला लागली. हळूहळू तो शहाणा झाला. मागून आईचा आवाज आला तरी मान वळवायची नाही, हे त्याला पक्कं कळलं.

आणि आता तो उद्या सकाळी भरतीच्या मैदानावर हजर होणार होता.

पायदळात निवड झाल्याचं त्याने जेवताना सांगितलं, तेव्हा हातातला घास तिने तसाच ताटात ठेवला होता.

"नाही," ती म्हणाली.

"का नाही?"

"इथे काय कमी आहे? बाबांच्या दुकानात बस. हात चांगला आहे तुझा."

"दिवसभर भिंग डोळ्याला लावून? नको गं. आणि तू कसली अडवतेस? सगळ्यांच्या मुलांना जा म्हणतेस ना?"

"ते काम आहे माझं."

"मग हे माझं असेल."

"हे बघ, बाळा..." ती हळूच म्हणाली, आणि तो खो खो हसत सुटला. "बाबा, ऐकलंत? आली जाहिरात!"

रागावून पाहिलं तर खोकल्याच्या औषधाची आई, समजावून पाहिलं तर साबणाची. ज्या आवाजात मुलाला नको म्हणायचं, तो कधीचाच होकाराला विकला गेला होता. नवरा रात्री एवढंच म्हणाला, "अख्खी दुनिया तुझं ऐकते. हा एक ऐकत नाही तर मी काय करू?"

अजून एक होती, जिच्यामुळे तिचं तोंड उघडत नव्हतं. जिन्याखाली टेबल मांडून बसणारी इस्त्रीवाली. तिचा मुलगा तीन वर्षांपूर्वी सैन्यात गेला तो परत आलाच नाही, त्याची पेटी आली. इस्त्रीवालीने कधी एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर फार बरं झालं असतं. ती फक्त एकदा म्हणाली होती, "त्याला फार आवडायचा हो तुमचा आवाज. मी रडायला लागले की म्हणायचा, काकू बघ कशा पाठवतात." त्या दिवसापासून ती रोज इस्त्रीवालीची नजर चुकवत जिना उतरायची. आता आपल्या पोराला पदराखाली ओढून घ्यायचं आणि त्याच जिन्याने खाली जायचं, हे तिला कसं जमणार होतं?

"चहा घेऊ या," जाहिरातवाला म्हणाला. रेकॉर्डिंगच्या खोलीचं जाड दार बाहेरूनच उघडायचं. रेकॉर्डिस्टने खटका ओढला तेव्हा ती बाहेर आली.

"तीच ओळ पुन्हा कशाला हवी तुम्हाला?" तिने विचारलं. "जुनी आहेच की."

"जुनी घासली गेली. आणि भरती कमी पडतेय." जाहिरातवाला चहा फुंकत खुशीत बोलत होता. तरतरीत माणूस होता, वाईट मुळीच नव्हता. "आम्ही घरोघर जाऊन पाहणी केली, आई. मुलं तयार असतात हो. विमान दाखवलं, बोट दाखवली, की मुलगा आपला. घोडं अडतं ते आईपाशी. म्हणून विमानं मुलांसाठी आणि तुमचा आवाज आयांसाठी. ऐकणाऱ्या बाईला वाटलं पाहिजे, ही पाठवू शकते तर मी का नाही?"

"म्हणजे हे सगळं मलाच ऐकवायचं होतं," ती म्हणाली.

"अं?"

"काही नाही. त्या आईचा मुलगा पुढे काय करतो?"

"कुठल्या आईचा?"

"जाहिरातीतल्या."

"तिला कुठे मुलगा असतो!" जाहिरातवाला मनापासून हसला.

उद्या आपला मुलगा जातोय, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सांगितलं तर हा माणूस आनंदाने उडी मारेल आणि उद्या मैदानावर कॅमेरा घेऊन येईल, हेही तिला दिसत होतं. तिने चहा संपवला आणि ती मुकाट्याने आत गेली. दार बंद झालं.

"पायदळ. बोला."

"जा," ती म्हणाली. "मागे बघ."

काचेपलीकडे दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "आई, 'नकोस' राहिलं."

"हो. चुकलं."

तिने डोळे मिटले. शाळेचं फाटक दिसलं, पाठीवरचं दप्तर दिसलं, दप्तरापेक्षा जरासाच मोठा मुलगा दिसला. तिने पुन्हा वाक्य म्हटलं, आणि 'मी आहे'पाशी तिचा गळा असा दाटला की 'इथेच' जेमतेम बाहेर पडलं. तिला वाटलं, वाया गेलं. तिने डोळे उघडले तर जाहिरातवाला चष्मा काढून डोळे पुसत होता.

"हेच ठेवा," तो रेकॉर्डिस्टला म्हणाला. "याला हात लावू नका. नौदलालाही हेच, विमानवाल्यांनाही हेच!"

खरंखुरं रडू आलं होतं, तेही त्यांच्या कामी आलं. दाराचा खटका ओढला जाईपर्यंत ती स्टुलावर बसून राहिली.

घरी परतली तेव्हा जिन्याखाली इस्त्रीवाली तिची वाट बघत होती. तिने दोन्ही हातांवर आडवा धरलेला पांढरा सदरा पुढे केला. "उद्याचा आहे. तुमचा मुलगा देऊन गेला होता. पाठीवर मधोमध घडी पाडलीय, मोडू देऊ नका. माझ्याचीही अशीच पाडली होती." मग थोडं थांबून ती म्हणाली, "तुम्ही धीराच्या आहात. तुम्हाला काय सांगायचं?"

"मी धीराची नाही हो," ती म्हणाली. इस्त्रीवालीने तिचा हात धरला.

सकाळी मैदानावर ही गर्दी. तिन्ही दलांचे तीन मंडप, मंडपांवर बोटी, विमानं, पर्वत, आणि सगळ्या चित्रांत मुलं हसत होती. घरच्यांना एका दोरापर्यंतच जाता येत होतं. नवऱ्याने मुलाच्या मनगटावर स्वतः दुरुस्त केलेलं घड्याळ बांधलं आणि तो तोंड फिरवून उगाच मंडप बघत राहिला.

तिने रात्रभर विचार केला होता, काय बोलायचं. जाहिरातीत नसलेलं काहीतरी. शेवटी ती म्हणाली, "सुई-दोरा वरच्या कप्प्यात आहे."

"माहितीये."

"मोजे ओले घालू नकोस."

"नाही घालणार." तो तिच्याकडे बघत राहिला. आज तो हसत नव्हता. "आई, ते म्हण की."

"काय?"

"ते गं. शाळेच्या फाटकातलं."

म्हणजे त्याला आठवत होतं. इतकी वर्षं कर्णे बोंबलत होते, तरी ते वाक्य फाटकातलं आहे हे तो विसरला नव्हता. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला, इस्त्रीच्या घडीच्या जरा बाजूला, आणि तोंड उघडलं. नेमका त्याच वेळी डोक्यावरच्या खांबातून आवाज आला, "जा. मागे बघू नकोस. मी आहे..." आणि मग तो दाटलेला गळा, जेमतेम बाहेर पडलेलं 'इथेच'. कालचंच रेकॉर्डिंग. रातोरात खांबांवर चढलंसुद्धा.

आजूबाजूच्या दोन-तीन बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

"चला," मुलगा हसून म्हणाला, "झालं म्हणून."

"थांब, मी म्हणते ना..."

पण शिट्टी झाली होती. तो दोराखालून वाकून पलीकडे गेला आणि पायदळाच्या रांगेत मिसळला. रांग हलली. सारखे कापलेले केस, सारख्या पिशव्या, आणि त्यांत ती एक पांढरी पाठ. कर्णा आता गप्प होता. एकदाच त्याचं तोंड बघायला मिळावं, बस्स, असं तिला झालं. तिने दोर दोन्ही हातांनी धरला आणि असेल नसेल तेवढा जीव एकवटून ती ओरडली, "अरे बाळा, मागे बघ!"

रांगेतली कितीतरी मुलं वळली. कुणी खांबाकडे बघितलं, कुणी गर्दीत शोधलं. एकाच्या ओठांवर मिसरूडसुद्धा फुटलेलं नव्हतं. सगळ्यांच्या नजरा शेवटी तिच्यावर येऊन थांबल्या, आपल्याच आईने हाक मारल्यासारख्या.

तिचा मुलगा वळला नाही. तो सरळ पुढे बघत चालत राहिला.

तिने दोर सोडला, हात वर केला आणि वळलेल्या त्या सगळ्या मुलांकडे बघून ती तो हलवत राहिली. त्यांच्या पलीकडे ती पांढरी पाठ लहान होत मंडपाच्या सावलीत गेली. पाठीवरची घडी अजून तशीच ताठ होती.