दोरीच्या आतलं हळदीकुंकू

वल्लरीने दोरीचं टोक पितळी खांबाला अडकवलं आणि दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. दोरीच्या आत आता तीन गोष्टी होत्या. चैत्रगौरीची आरास, हवेतला ओलावा मोजणारं नवंकोरं यंत्र आणि सुमतीकाकू.

"काकू, जरा डावीकडे. यंत्राचा आकडा झाकला जातोय."

सुमतीकाकूंनी खुर्ची सरकवली. वल्लरीने त्यांच्या पुढ्यात पाटी उभी केली. 'कृपया प्रदर्शित वस्तूंना स्पर्श करू नये.'

"हे माझ्यासाठी?"

"छे हो! आराशीसाठी आहे. दोरीच्या आत काहीही असलं की पाटी लागते, विम्याचा नियम आहे. तुम्ही फक्त तिच्या मागे बसलाय."

घोडबंदर रोडवरच्या त्या विद्यापीठाचं कलासंग्रहालय दर वसंतात विद्यार्थ्यांसाठी आणि आसपासच्या लोकांसाठी कार्यक्रम ठेवायचं. मागच्या शनिवारी एका कवीने आवारातल्या झाडांना कविता ऐकवल्या होत्या. झाडं शेवटपर्यंत थांबली, म्हणून कार्यक्रम यशस्वी धरला गेला. आज चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं.

सुमतीकाकूंची आरास एकेकाळी बघायला अख्खा नौपाडा यायचा. कलिंगडाची कमळं, पुठ्ठ्याचा डोंगर, झोपाळ्यात गौर. त्र्यंबककाका गेले आणि आरास माळ्यावर गेली. दोन चैत्र ती तिथेच होती. नवरा गेलेल्या बाईने हळदीकुंकू करायचं नसतं आणि तिला कुणी लावायचंही नसतं, हे काकूंना कुणी बोलून दाखवलं नव्हतं. बायका फक्त त्यांचं दार टाळून शेजारच्या दारावरची बेल वाजवायच्या.

संग्रहालयाचे कार्यक्रम आखणारी वल्लरी घरी बोलवायला आली तेव्हा काकूंनी एकच विचारलं होतं.

"आणि मला लावतील?"

"काकू, पोस्टरवरच आहे. 'सर्वांसाठी'. ठळक अक्षरात."

काकू दुसऱ्या दिवशी रिक्षा करून पोस्टर बघून आल्या. अक्षरं खरंच ठळक होती.

आज सकाळी त्यांनी कपाटाच्या मागून मेणाची डबी काढली होती. आधी मेण लावलं की त्यावर कुंकू दिवसभर टिकतं. आरशात न बघताही बोट बरोबर जागेवर गेलं होतं.

नौपाड्याहून निघालेली बायकांची बस ट्रॅफिकमधून सुटून एकदाची आली. पुढे मालनताई. काकूंच्याच मजल्यावर राहणाऱ्या, एका हातात करंडा, गळ्यात साखळीला लटकवलेला चष्मा.

"अगं, एसी बघ काय फुल्ल आहे! शाल आणायला हवी होती."

मालनताईंनी दारापासूनच सुरुवात केली. तिकीट तपासणारी मुलगी, सुरक्षारक्षक बाई, जर्मनीहून शिकायला आलेली एक विद्यार्थिनी. ती म्हणाली, माझं लग्न झालेलं नाही. "होईल," मालनताई म्हणाल्या आणि लावलं.

मग दगडी अप्सरा आली. तिच्यापुढेही तीच पाटी होती. ती कुणी वाचली नाही.

"हिला डोकंच नाही गं."

"मग कुठे लावू?"

"मान आहे ना? मानेला लाव. सवाष्ण दारातून तशीच परत जायला नको."

अप्सरा अकराव्या शतकापासून कुठेच गेली नव्हती, पण तिच्या मानेला कुंकू लागलं. तिच्या शेजारी जुनी नऊवारी नेसवलेला फायबरचा पुतळा होता.

"हा पुतळा आहे, मालनताई."

"असू दे. साडी नेसलीय ना?"

पुतळ्यालाही लागलं. एकीने तर त्याच्या ओटीत भिजवलेले हरभरे घातले. त्याला पदर धरता येत नसल्यामुळे ते खाली सांडले.

बायका आराशीपाशी आल्या. 'अगं बाई', 'कलिंगड बघ', 'डोंगर तोच ना गं?' असं सगळं झालं. काकू ताठ बसल्या होत्या. मालनताईंनी दोरीवरून वाकून हात आत घातला आणि ओलावा मोजणाऱ्या यंत्राला कुंकू लावलं.

"नवीन दिसतंय. नव्या मशीनला लावावं."

यंत्राचा आकडा एकाने वाढला.

यंत्रानंतर काकूच होत्या. मालनताईंचं बोट अजून लाल होतं. काकूंनी डोळे मिटले आणि कपाळ जरासं पुढे केलं. हळदीचा वास अगदी नाकाशी आला होता.

तो तिथेच थांबला.

काकूंनी डोळे उघडले. मालनताईंनी करंडा दुसऱ्या हातात घेतला होता आणि चष्मा डोळ्यांवर चढवला होता. त्या पाटी वाचत होत्या. मोठ्याने, एकेक शब्द.

"कृपया. प्रदर्शित. वस्तूंना. स्पर्श. करू. नये."

मागून एक आवाज आला, "नियम आहे म्हटल्यावर काय करणार?"

"तर काय. एवढं मोठं विद्यापीठ," मालनताई म्हणाल्या. बोट रुमालाला पुसलं. "सुमती, आरास मात्र अगदी तश्शीच हो. भाऊजी असते तर किती खूश झाले असते."

"आंब्याची डाळ बाहेर ठेवलीय," काकू म्हणाल्या. "मीठ बघून घ्या."

बायका डाळीकडे गेल्या. वल्लरी धावत आली. तिचा चेहरा आनंदाने फुलला होता.

"काकू, पाहिलंत? चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आमची पाटी वाचली!"

"हो. छान वाचली."

संध्याकाळी बस परत गेली. कादंबरी नावाची मुलगी कापूस आणि पाण्याची बाटली घेऊन आली. वस्तूंची निगा राखणं हे तिचं काम. तिने अप्सरेची मान पुसली, पुतळ्याचं कपाळ पुसलं, यंत्र पुसलं. मग नवा कापूस घेऊन वळली आणि दचकली.

"काकू! तुम्ही अजून आत?"

"दोरीला हात लावलेला चालतो का, ते कुणाला विचारावं कळेना."

कादंबरी हसली. मग तिने त्यांच्या कपाळाकडे बारकाईने पाहिलं.

"तुम्हाला नाही लागलं वाटतं. बरं झालं, तेवढंच एक काम वाचलं."

"पूस."

"अहो, पण कुंकू कुठाय? नुसतं मेण आहे."

"तेच काढ," काकू म्हणाल्या. "उगाच धूळ बसते."

कादंबरीने कापूस फिरवला. अप्सरेच्या मानेवरून फिरवला होता, तितक्याच हलक्या हाताने. कापूस पांढराच राहिला. मग तिने दिवा बंद केला आणि जाता जाता वाकडी झालेली पाटी सरळ केली.