डाव्या हाताची हडळ

गेल्या चैत्रात सोलापुरात एक हडळ प्रकट झाली. तिने एकाच वेळी, एकाच बोटाने, तीनशे माणसांना बोलावले आणि या घटनेला तीनशे प्रत्यक्ष साक्षीदार आहेत. भुताखेतांच्या इतिहासात इतका भक्कम पुरावा क्वचितच सापडतो.

ती रोज दुपारी तीन वाजता येत असे. रविवारी दोनदा.

नव्या पेठेच्या मागे कापसाचे एक रिकामे गोदाम आहे. मल्लप्पाने त्याच्या खिडक्यांना गोणपाटे ठोकून आत सिनेमा सुरू केला होता. मधोमध मांजरपाटाचा मोठा पडदा. पडद्यापुढे यंत्र आणि पुरुष, पडद्यामागे बायका. चित्र मागच्या बाजूनेही स्वच्छ दिसावे म्हणून दोन गडी पडदा पाण्याने चिंब भिजवीत. चैत्राच्या उन्हात प्यायला पाणी मिळत नव्हते, पण हडळीला बारा घागरी ठरलेल्या होत्या.

सिनेमा मुका, मजकूर पाट्यांवर लिहून येई; नाव 'पिंपळावरची पाहुणी'. शेवटी पाहुणी पिंपळावरून उतरते, सरळ प्रेक्षकांकडे बघते, हात उचलते आणि बोट हलवून 'ये' म्हणते. त्यावर काळोख होतो आणि माणसे बाहेर पळतात. बाहेर मल्लप्पाचेच चहाचे दुकान आहे. म्हणजे पळायलासुद्धा फार लांब जावे लागत नाही.

त्या दुकानात भुतांच्या शौकिनांची बैठक बसे. अध्यक्ष माझा शेजारी वेणीमाधव. कचेरीत कारकून, पण शहरात आलेले एकही भूत त्याने सोडले नव्हते. प्रत्येक भुताला तो आण्यांत गुण देई.

"दिवाळीतला तो मुंजा," वेणीमाधव म्हणाला, "चार आणे. त्याच्या शेंडीला दोरा बांधलेला मला दुसऱ्या रांगेतून दिसला."

"आणि सांगाडा?" मी विचारले. मी वकील आहे. अशील येईपर्यंत मला वेळ असतो.

"आठ आणे. चालला झकास. पण पायरी चढताना त्याने हाताने धोतर सावरलं. हाडांना धोतर कुठलं?"

"आणि ही?"

वेणीमाधवाने बशी खाली ठेवली. "ही सोळा आणे. तीनदा पाहिली. पाय उलटे आहेत, आणि उजवा हात असा उचलते की पाठीतून कळ जाते."

"शास्त्राला धरून आहे," यज्ञेश्वरभटजी म्हणाले. भटजी सिनेमाला येत ते फक्त शास्त्र तपासायला. तेही तीनदा आले होते.

मल्लप्पा गल्ल्यावरून ओरडला, "अहो भटजी, शास्त्र बगायचं तर डोळे उगडे ठेवा की! शेवटाला तुमी उपरण्यात तोंड घालून बसता!"

इथवर सगळे ठीक होते. मग धुळाबाबा आले.

धुळाबाबा हिमालयात बारा वर्षे तप करून आले होते. बोली मात्र इथल्याच, सोलापूरजवळच्या वळसंगची होती. गोदामाच्या दारातल्या लिंबाखाली त्यांनी घोंगडे अंथरले आणि खेळ सुटला की बाहेर पडणाऱ्या बायकांना ते एकच प्रश्न विचारू लागले.

"बाई, कंच्या हातानं बोलावलं गं तुला?"

"डाव्या."

"अरारारा! आन् बगितलं कुनाकडं?"

बाई खाली बघे. "माज्याचकडं, बाबा."

"समजलो मी. बोलावणं आलंय. हा गंडा बांध."

दिवसाला साठ-सत्तर गंडे जात. पेठेतल्या निम्म्या बायकांच्या मनगटांवर काळा दोरा दिसू लागला. प्रत्येकीला वाटे, बाकीच्या उगीच भितात, हडळीने खरे बोलावले ते फक्त मला.

याच सुमारास वेणीमाधवाला मोठेपणा करायची हौस आली. त्याच्या मुलीचे, प्रेमलाचे, लग्न ठरले होते. मुहूर्त वैशाखातला. मुलाची आई, गोदावरीबाई, माढ्याहून खरेदीसाठी चार दिवस आल्या होत्या. वेणीमाधवाने भावी विहीणबाईंना काय दाखवावे? सिद्धेश्वराचे देऊळ नाही, किल्ला नाही. सोळा आणे हडळ दाखवली.

खेळ सुटला. गोदावरीबाई प्रेमलाचा हात धरून बाहेर आल्या. धुळाबाबांनी दोघींकडे पाहिले, प्रेमलाच्या हातातल्या पाटल्यांकडे जरा जास्त वेळ पाहिले, आणि डोळे फिरवले.

"हिला! हडळीनं हिला डाव्या हातानं बोलावलं का न्हाय? बोल पोरी!"

प्रेमला मराठी सहावी शिकलेली. खोटे बोलता येईना. "बोलावलं."

"ही ज्या घरात जाईल तिथली सासू सा म्हैन्यांत उचलली जाती!"

गोदावरीबाईंच्या हातातली पिशवी खाली पडली. उपाय एकच होता. पाटल्या मडक्यात घालून बाबांच्या घोंगड्याखाली चाळीस दिवस 'निजवायच्या', आणि तरी पुढचे सव्वा वर्ष लग्नाचे नाव काढायचे नाही. सव्वा वर्ष मुलाला कोण थांबवणार? त्याचा अर्थ लग्न मोडले, असाच होता.

संध्याकाळी वेणीमाधव माझ्या ओसरीवर आला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला भुताची भीती वाटत होती. पण त्याहून अधिक त्याचा अधिकारभंग झाला होता.

"मी तीनदा पाहिली. हात उजवा होता रे! तू सांग."

"उजवाच."

"घरात सगळ्या बायका म्हणतात डावा. बायको म्हणते, तुम्हाला डावं-उजवं कळतं कुठे, लग्नात माझ्या कुठल्या बाजूला बसायचं तेही भटजींनी सांगितलं होतं."

आम्ही भटजींना विचारले. हे चुकले. भटजींना उत्तर लगेच सापडले.

"विरोध कुठे आहे? नाडी पुरुषाची उजवी बघतात, स्त्रीची डावी. डोळा पुरुषाचा उजवा लवावा, स्त्रीचा डावा. तसंच हे. पुरुषांना उजवा हात, स्त्रियांना डावा."

"पण बाईचा डावा डोळा लवला तर शुभ असतं ना?" मी म्हणालो.

भटजी घुटमळले. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न मी लिंबाखाली विचारला. धुळाबाबा घुटमळले नाहीत. "वकीलसाब, जित्याचं शुभ ते मेल्याचं अशुभ! बुकात न्हाय हे. हिमालयात हाय."

लोकांनी माना डोलावल्या. सत्याची ही एक अडचण आहे. त्याला घुटमळावे लागते.

तिसऱ्या दिवशी गोदावरीबाई माढ्याला निघाल्या. सामान ओसरीवर आले होते. टांगा यायचा होता. मनाने बाई वाईट नव्हत्या. प्रेमलाला जवळ घेऊन रडल्याही. "पोरी, तू गुणी आहेस गं. पण मला अजून दोन लेकींची बाळंतपणं करायची आहेत."

मी वेणीमाधवाच्या आधाराला बसलो होतो. तेवढ्यात नागव्वा आली. नागव्वाचा घरी हातमाग आहे. प्रेमलाचे लग्नातले लुगडे तिने विणले होते, आणि हडळ काहीही म्हणो, ठरल्या दिवशी ती माल घेऊन हजर होती. काठावर पोपटांची रांग होती.

प्रेमलाने लुगडे मांडीवर घेतले आणि त्यावर टिपे गाळू लागली.

"यव्वा! रंग जाईल की गं!" नागव्वा ओरडली. "आन् सुलट धर तरी. उलटी बाजू वर घेऊन बसलीस."

"कशावरून उलटी?"

"पोपट बग की. माजे पोपट उजवीकडं बगत्यात. डावीकडं बगाया लागले की समजायचं, कापड मागनं बगतोय. तेच पोपट, तेच सूत. लई सोपं हाय."

प्रेमलाने काठ उलटला. पोपट उजवीकडे. पुन्हा उलटला. डावीकडे. मग तिने तो उन्हात धरला आणि बराच वेळ आरपार बघत राहिली. रडणे थांबले होते.

"काका," ती मला म्हणाली, "मी त्या दिवशी आईला सांगितलं होतं, सिनेमातल्या पाट्या मला वाचता येत नाहीत, अक्षरं उलटी दिसतात. आई म्हणाली, भुताचं अक्षर तसंच असतं."

मी बी. ए. आहे, वेणीमाधवाने तोच सिनेमा तीनदा पाहिला होता, आणि पडदा कापडाचा असतो ही गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आली नव्हती.

"आम्ही मागे बसलो होतो," प्रेमला म्हणाली. "पोपटांसारखं झालं. हात एकच आहे."

"मग तुझ्याकडेच बघितलं ते गं?" गोदावरीबाईंनी विचारले. पिशवी त्यांच्या हातात होती, पण त्या बसल्या होत्या.

"ते नाही माहीत," प्रेमला प्रामाणिकपणे म्हणाली. मग भिंतीकडे बघून हळूच म्हणाली, "पण आमच्या आजोबांचा फोटो बघा ना. तुम्ही इथे बसा नाही तर स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहा, तो तुमच्याकडेच बघतो."

गोदावरीबाई उठल्या. दारात जाऊन उभ्या राहिल्या. मग तुळईखाली. मग उंबऱ्यावर. आजोबांनी त्यांची पाठ सोडली नाही. टांगेवाला हाका मारत होता.

"टांगा परत पाठवा," त्या म्हणाल्या. "बाबा म्हणतात, बाईला डावा हात दिसतो. ही म्हणते, मागे बसणाऱ्याला दिसतो. मी बाईच आहे. आज पुढे बसून बघते. कोण खरं ते कळेल."

कोर्टात इतका नेमका मुद्दा मी अजून काढलेला नाही.

मल्लप्पाला तयार करायला वेळ लागला नाही. 'आज बायका पुढे, पुरुष मागे' अशी पाटी लागताच गोदाम भरून गेले. अडचण धुळाबाबांची होती.

"बाप्यांनी मागं बसायचं न्हाय!" ते लिंबाखालून ओरडले. "पाप हाय!"

"बाबा, म्हणून तर तुम्ही आत हवेत," वेणीमाधव हात जोडून म्हणाला. "आम्ही मागे, आणि हडळ समोर. तुम्ही नसलात तर आम्हाला सांभाळणार कोण?"

"व्हय व्हय, बाबा पायजेत!" मागून शंभर गळे ओरडले. भक्त असले की असे होते. बाबांना उचलूनच आत नेले आणि पडद्यामागे पहिल्या रांगेत, माझ्या शेजारी बसवले.

खेळ सुरू झाला. पहिलीच पाटी आली आणि मागे बसलेल्या शाळामास्तरांना ती वाचता येईना. पुढून प्रेमलाने ती खणखणीत वाचली. पुढच्या सगळ्या पाट्याही तिनेच वाचल्या.

शेवटी पाहुणी पिंपळावरून उतरली. आमच्याकडे बघून तिने हात उचलला.

डावा.

"मेलो!" भटजी किंचाळले आणि उपरणे तोंडावर घेतले. कोणी धोतर सावरत दाराकडे धावला. एका पहिलवानाने माझा दंड धरला, तो अजून दुखतो. आणि पडद्याच्या पलीकडून गोदावरीबाईंचा आवाज आला, "उजवा! अगं, उजवा आहे!" त्यापाठोपाठ दीडशे बायका जे हसू लागल्या, ते हसू ओल्या कापडातून आमच्यावर थंडगार शिंतोड्यांसारखे आले.

इथवर बाबांनी कदाचित निभावून नेले असते. हिमालयात आणखी एखादे शास्त्र निघाले असते. पण गोंधळात पडदा भिजवणारे गडी हसत उभे राहिले होते. उन्हाळ्याची दुपार, वरचा कोपरा वाळत चालला, आणि आमच्या बाजूने हडळीचे डोके पुसट होऊ लागले. बाबा अस्वस्थ झाले. चुळबुळले. शेवटी त्यांना राहवेना.

"आरं ए! वरच्या कोपऱ्याला पानी मारा की! मुंडकं चाललं! खालनं वर मारायचं, वरनं खाली न्हाय!"

यंत्र थांबले. गोणपाट बाजूला झाले. मल्लप्पा उजेडात येऊन बाबांच्या दाढीकडे निरखून बघू लागला.

"हे 'खालनं वर' सबंध मुलुखात एकच मानूस म्हनायचा. धुळा? माज्या मामाच्या सिनेमाच्या तंबूत पडद्याला पानी मारायचास त्यो धुळाच का रं तू? मी म्हनलं, कुटं गेलास!"

"हिमालयात," बाबा सवयीने म्हणाले.

कोणी मारले नाही. मारायला दम लागतो, आणि सगळ्यांचा हसण्यात गेला होता. नागव्वा फक्त म्हणाली, "मागची बाजू ठाऊक होती की रं तुला. पुढच्यांला सांगायचं हुतंस."

मग प्रेमला पडद्यापुढे उभी राहिली. उजेडात, एवढ्या माणसांपुढे ती कधी बोलली नव्हती. "एकच विचारते. हडळीने माझ्याकडेच बघितलं असं कोणाकोणाला वाटलं? खरं सांगा."

पहिला हात गोदावरीबाईंनी वर केला. मग नागव्वाने. मग पहिलवानाने. मग पुढून-मागून सगळे हात वर गेले. माझाही गेला. बी. ए. असल्यामुळे तोवर मी ते कोणाला सांगितले नव्हते. प्रत्येकाने आपली भीती एकट्याने उराशी धरली होती, आणि धुळाचा सगळा धंदा तेवढ्यावर चालला होता. शेजारणीला एकदा जरी विचारले असते, "तुझ्याकडे पण बघितलं का गं?" तर पहिल्याच दिवशी गंडे संपले असते.

वाचकहो, मागणी फार नाही. भुताला खुशाल भ्या. त्यासाठीच तिकीट काढलेले असते. पण कोणी त्या भीतीवर पोरीचे लग्न मोडायला सांगू लागला, तर एकदा उठून पलीकडच्या बाजूने बघून या. तिथून वेगळे दिसले, तर आधी पडदा तपासा. पोरीला नंतर.

प्रेमलाचे लग्न ठरल्या मुहूर्तावर झाले. मुंडके पुसट झाले म्हणून वेणीमाधवाने हडळीचे गुण बारा आण्यांवर आणले. बाबांनी गोदावरीबाईंना दिलेले सहा महिने होऊन गेले. त्या परवा पुन्हा आल्या होत्या आणि त्यांचा गुडघा दुखतो.

धुळा मल्लप्पाकडे पडद्याला पाणी मारतो. खालून वर मारतो. मागून चित्र आता पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसते.