जिवंत असल्याचा छापील पुरावा

हिंगणीचे पुंडलिकराव म्हणजे निवृत्त ड्रॉइंग मास्तर. देवळांच्या भिंतींवरच्या जुन्या चित्रांवर त्यांनी आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं आणि ते फारसं कुणी वाचलं नाही. मी वर्ध्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. इकडच्या चित्रकलेवर कुणी काय लिहिलंय, याची सूची मी इंटरनेटवरच्या, जगातल्या कुणालाही भर घालता येईल अशा एका माहितीजाळ्यात जोडत होते. मास्तरांचं पुस्तक जोडलं, तर जाळ्यानं ते परस्पर एका पुजाऱ्याच्या नावावर चढवलं. नाव तेच, गाव तेच. फक्त पुजारी शंभर वर्षांपूर्वी वारलेला. मेल्यावर पुस्तक कसं लिहिलं, हे विचारायची यंत्राला गरज वाटली नाही.

मास्तर वेगळे आहेत, जिवंत आहेत, असं मी कळवलं. उत्तर आलं, छापील पुरावा द्या. आता माणूस जिवंत असल्याची बातमी कोण छापतं? माझं डोकंच फिरलं. मास्तर रडवेले झाले. "माह्यं एकच तं लेकरू," म्हणाले, "अन् तेही त्या पुजाऱ्याच्या नावावर."

त्यांच्या बायकोनं, कौशल्याबाईंनी, तोडगा काढला: पेपरात वाढदिवसाची जाहिरात. मास्तरांचा बरा फोटो एकच होता, निवृत्तीच्या सत्कारातला, गळ्यात भलामोठा हार घातलेला. पेपरवाल्यांनी हार पाहिला आणि फोटो सरळ ‘भावपूर्ण श्रद्धांजली’त टाकला. मी भांडले, तर म्हणे मेलेल्या माणसाचा वाढदिवस आता कसा छापायचा.

दुपारपर्यंत परदेशातल्या कुणा भल्या माणसानं ती श्रद्धांजली पुरावा म्हणून जाळ्यात जोडलीही. दोघांच्या मरणात शंभर वर्षांचं अंतर, म्हणजे माणसं दोन, हे यंत्राला लगेच पटलं. पुस्तक मास्तरांच्या नावावर आलं. मी हिंगणीला गेले, तर तळेगावचे पाहुणे रडायला आलेले आणि मास्तर स्वतः त्यांना चहा देत होते. इतके खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मरण खोडलं तर पुस्तक परत पुजाऱ्याकडे जाईल, असं मी सांगितलं. "राहू दे मंग," मास्तर म्हणाले.

"अन् मी काय कुंकू पुसून बसू?" कौशल्याबाईंनी दारातून विचारलं.

मास्तर बायकोच्या कपाळाकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "काढून टाकजो, पोरी." मी मोबाईलवरून खोडलं. चहा संपायच्या आत पुस्तक पुन्हा पुजाऱ्याचं झालं, आणि मला रागानं रडूच आलं.

कौशल्याबाईंनी आतून पुस्तकाची प्रत आणली, तिला हळदकुंकू लावलं आणि मास्तरांच्या मांडीवर ठेवली. "त्या पुजाऱ्याले म्हणा," त्या म्हणाल्या, "ये अन् नेऊन दाखव."