गाळातला लाल पट्टा

बाबांच्या शेवटच्या दिवशी आमच्या जेवणाच्या टेबलावर हातभर चिखल आडवा पडला होता. सकाळी बाबांनी आणि मी होडीतून तळ्याच्या तळाशी नळी खुपसून तो वर काढला आणि घरी आणून काकडीसारखा उभा चिरला. काळपट थर ओल्या दिवसांचा, फिकट थर कोरड्या दिवसांचा; दोन्ही मिळून एक वर्ष. आईने एवढंच विचारलं, की जेवायला चिखलाच्या कुठल्या बाजूला बसायचं.

मी उपग्रहाची छायाचित्रं वाचते. त्यांत अख्खा देश दिसतो, पण आमचं तळं म्हणजे चार ठिपके. काठावरचा आमचा कारखाना त्यातल्या एकाचा कोपराही भरत नाही. बाबा चिडवायचे, की इतक्या उंचावरून कोणाचाच दोष दिसत नाही.

आजोबांनी सुरू केलेला तो कापड रंगवण्याचा कारखाना बाबांनी अठ्ठावीस वर्षांपूर्वी बंद केला. सांडपाणी तळ्यात जात होतं. नातेवाइकांनी त्यांना वेड्यात काढलं, आई लोकांचे कपडे शिवू लागली आणि मला वसतिगृहातून घरी परतावं लागलं. मी तेव्हा काही बोलले नाही. माझं ते गप्प राहणं बाबांना पुरेपूर कळलं होतं. कारखाना बंद करून काही साधलं का, हे त्यांना एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं.

चिखलात मधोमध लाल पट्टा होता. आम्ही भिंग घेऊन वरच्या टोकापासून मोजलं. लाल रंग चाळीस वर्षांपूर्वीच थांबलेला निघाला. तेव्हा तर आमचा कारखाना जोरात होता.

"म्हणजे तो रंग आपला नव्हेच. निर्दोष सुटलो की," बाबा म्हणाले. मग जरा थांबून, हळूच, "पण मग बंद कशाला केला मी?"

तेवढ्यात पाण्याचा जग घेऊन आलेल्या आईने चिखलाच्या सगळ्यात जुन्या टोकातून चिमटीने काहीतरी उपसलं. चॉकलेटचा चकचकीत कागद होता.

"अहो, शंभर वर्षांपूर्वी हे चॉकलेट कोणी खाल्लं?"

आम्ही चिखल उलटा ठेवला होता. दोन शहाणी माणसं, एक भिंग आणि सबंध दुपार. बाबा इतके हसले, की खुर्चीचा आधार घ्यावा लागला. पुन्हा मोजायचं उद्यावर टाकलं. चिखल ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये भाज्यांच्या शेजारी गेला. पहाटे बाबा झोपेतच गेले.

पंधरा दिवसांनी आईनेच तो बाहेर काढला. म्हणाली, "मोज आता. माझ्या टोमॅटोंना जागा हवी."

या वेळी मी खऱ्या वरच्या टोकापासून निघाले. अठ्ठाविसाव्या वर्षाला लाल रंग सुरीने कापावा तसा संपत होता. त्याच्यावरची पाच वर्षं नुसती राखाडी. सहाव्या वर्षात मोहरीएवढा एक शिंपला सापडला, सातव्यात तीन, पुढे मोजता येईनात इतके. माझ्या छायाचित्रांत यातलं काहीच दिसलं नसतं. इथे एका माणसाचा एक निर्णय माझ्या नखाएवढ्या जाडीत स्पष्ट दिसत होता, आणि त्याच्यावर पुन्हा जगू लागलेलं तळं.

आई भिंगातून शिंपले पाहत हसत होती. मी मोठ्याने म्हणाले, "बाबा, तुम्ही कारखाना बंद केलात ते बरोबर केलंत. मी हे तेव्हाच म्हणायला हवं होतं."