वळणावरचं झाड

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांना पायी चालायची सवयच नव्हती. उभी हयात त्यांनी शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर काढली. कोपऱ्यावरून पाव आणायचा झाला तरी गाडीच काढायची. मग डोळ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "आता स्टिअरिंगला हात लावायचा नाही." मास्तरांनी गाडी पुतण्याच्या हवाली केली आणि घरात बसले. बायको आदल्या वर्षीच गेली होती. ती होती तोवर झोपताना दोघं मिळून देवाला हात जोडायची. तिच्यामागे मास्तरांनी ते सोडलं. रागाने नव्हे, एकट्याने काय बोलायचं, तेच सुचेना.

परगावची लेक फोनवर मागे लागायची, "बाबा, चार पावलं चाला ना!"

"कुठे जाऊ?"

"कुठेही. पण त्या खुर्चीतून उठा."

एका दुपारी घर अगदीच खायला उठलं, तेव्हा ते निघाले. रस्ता रोजचाच, पण पायी परका वाटत होता. माणसं झपझप पुढे जात होती. कुणी हसलं असेलही. मास्तरांना चेहरे धड दिसतच नव्हते. परत फिरावं असं मनात आलं, पण दम लागला होता. म्हणून वळणावरच्या झाडाला हात टेकून ते उभे राहिले.

याच वळणावर ते गाडी मागे घ्यायला शिकवत. "झाड सांभाळा!" असं ओरडून घसा बसायचा, तरी कुणीतरी गाडी त्याच्यावर घालायचंच. झाडाकडे मात्र मास्तरांनी कधी मान वर करून पाहिलं नव्हतं.

आता हाताला खोडातला खळगा लागला. बंपरचेच घाव ते. मास्तर चाचपत राहिले. खळग्याच्या कडेने साल जाड होऊन आत वळली होती, जखम हळूहळू मिटत आणली होती. आणि तिच्या अगदी वर एक फुटवा. पान इतकं कोवळं, की बोट लावायची भीती वाटावी.

"मास्तर? आणि पायी?" भाजीची पिशवी घेतलेली एक बाई थांबली. आवाजावरून ओळख पटली, बँकेतली कारकून, त्यांची जुनी शिष्या. "मीही यालाच ठोकलं होतं, आठवतं? तुम्ही मला सोडून मागचा दिवा बघायला धावलात!"

"तू बोलत होतीस की. दिवा बोलत नव्हता."

ती खळखळून हसली. "झाडाला लागलं का, हे कुणी पाहिलंच नाही."

"ते बरं झालंय. हात लावून बघ."

तिने हात लावला, "अगंबाई" म्हणाली, घड्याळ पाहिलं आणि घाईने गेली. पुन्हा सगळं सुनं झालं. वाऱ्याने वरच्या फांद्या सळसळल्या. मास्तरांनी कपाळ खोडाला टेकवलं.

"देवा, मी एकटाच आलोय," ते हळूच म्हणाले. पुढे शब्द सुचले नाहीत. पण ऐकणारं कुणी नाही असं मात्र त्या घटकेला वाटलं नाही.

मग घराकडे न वळता ते पलीकडच्या बोळात शिरले. तिथे गाडी जात नसे, म्हणून तेही कधी गेले नव्हते. आत कुठल्यातरी कुंपणावर चिमण्यांचा गलका चालला होता. दिसत एकही नव्हती. मास्तर भिंतीला टेकून, एकटेच, त्या गप्प होईपर्यंत ऐकत राहिले.