आधी नमस्कार, मग गिनीपिग

अझोगेस गावच्या झोइला गुआमानने सकाळी खुराड्यात डोकावलं. गिनीपिगांची पोटं टम्म फुगलेली, दोन तर आडवी पडलेली. रविवारी ही सहाच्या सहा भाजून, बटाट्यांवर मांडून एर्सिलियाबाईंच्या दारी न्यायची होती, 'मुलीच्या लग्नाची धर्मआई व्हा' म्हणायला. असं मागणं रिकाम्या हातांनी कुणी करत नाही.

तिने फोन काढून 'गिनीपिग पालक मंडळ' या गटावर टाकलं: "गिनीपिगांची पोटं फुगलीत. काय करू? लवकर सांगा."

इथेच चुकलं. तिने नमस्कार लिहिला नव्हता.

गटाचे चालक एउदोरो किझ्पी औषधाच्या दुकानात गिऱ्हाईक ताटकळत ठेवून लिहायला बसले. "ताई, इथे माणसं राहतात. शुभ सकाळ म्हणायला पैसे पडत नाहीत."

लगेच रांग लागली. "अगदी बरोबर बोललात, काका!" "हल्ली सगळ्यांना घाईच फार." एकाने नुसतं टिंब टाकलं, पुढची मजा हुकू नये म्हणून. एका विद्वानाने सुचवलं, "आधी जुन्या चर्चा शोधा." झोइलाने शोधल्या. तिथेही नमस्कारावरूनच जुंपली होती.

तेवढ्यात कुणा रिगोबेर्तो तेनेसाकाचं उत्तर आलं: "लसूणघास ओला घातलास ना? तो आधी बाहेर काढ. मग..." पुढचं वाचते न वाचते तोच उत्तर गायब! त्या भल्या माणसानेही शुभ सकाळ म्हटलं नव्हतं. खाली एउदोरोंची टीप: "चर्चेचा दर्जा राखण्यासाठी एक प्रतिक्रिया काढली आहे."

"काका, पुढे काय होतं त्यात?"

"काढलेल्या प्रतिक्रियेवर चर्चा नियमात बसत नाही, ताई. आणि तुमची शुभ सकाळ राहिलीच."

"आग लागो तुमच्या सकाळीला!" झोइला खुराड्यापुढे ओरडली. ओला लसूणघास ओरबाडून बाहेर फेकला, तेनेसाकाला खासगी निरोप धाडला. त्याने सरळ फोनच केला.

"वाळलेलं गवत टाक. तेलाचे थेंब पाज, पोटं चोळ. अगं बाई, रडतेस काय, चोळ!"

दोन गेली, बाकीची तगली. झोइला गटातून बाहेर पडली. त्यावर एउदोरोंनी नवी चर्चा उघडली: 'निरोप न घेता जाणाऱ्यांचे संस्कार'. अशी गर्दी त्या गटाने कधी पाहिली नव्हती. गिनीपिगांचा विषय कुणी काढला नाही.

रविवारी एर्सिलियाबाईंनी ताटावरचं फडकं उचललं.

"चारच?"

"वाचवली तेवढी आणली, बाई."

"गटातून न सांगता गेलेली ती तूच ना? एउदोरो माझा मावसभाऊ लागतो."

बाईंनी एक तंगडी मोडून तोंडात घातली.

"त्याच्या लग्नात त्याने आधी भाषण ठोकलं होतं. माणसं उपाशी घरी गेली. बस इथे, मुलीच्या लग्नाची तारीख सांग."