खोडरबराची सही

बाबांना अख्खी गल्ली खोडरबर म्हणायची. कॉलेजात ते बौद्ध तत्त्वज्ञान शिकवायचे. समोरच्याने ठामपणे काही म्हटलं की ते भुईसपाट होईपर्यंत प्रश्न विचारत सुटायचे. त्यांचं मत विचारलं तर हात झटकून मोकळे. "शून्यवाद्याला स्वतःचं म्हणणं नसतं. मी फक्त तुमचं तपासतो." आईने लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी वाद घालायचा नाद सोडला होता.

भिंगरीला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका लेकीला, तापल्या काचेत नळीने फुंकर घालून दिवे बनवायला शिकायचं होतं. दिवा आतून पोकळच असतो, तेव्हा बाबा खूश होतील अशी तिची भाबडी अटकळ. कारखाना दोन दिवसांच्या वाटेवर आणि वय सतरा, म्हणून फॉर्मवर बाबांची सही हवी होती. "मला जायचंय," असं तिने दोनदा सांगून पाहिलं. "मला म्हणजे कुणाला?" इथून बाबांनी सुरुवात केली, आणि तासाभरात भिंगरीच शिल्लक राहिली नाही. मग जाणार कोण?

तिसऱ्या खेपेला तिने ठरवलं, आपण काहीही म्हणायचं नाही. नुसतं विचारायचं.

"बाबा, माझ्या जन्माआधी तुम्ही बाप होता?"

"नाही," बाबा खुशीत म्हणाले. सावज आपल्या पायांनी चालत आलं होतं.

"मग तुम्हाला बाप कुणी केलं?"

"तू."

"म्हणजे मी तुमच्या आधीची?"

"छे. बापाशिवाय मुलगी कशी होईल?"

"मग दोघं एकदमच झालो. जुळी." तिने फॉर्म पुढे सरकवला. "जुळ्याची परवानगी लागते का हो?"

शेंगा सोलणाऱ्या आईचे हात थांबले. बाबांनी चष्मा पुसला, मग पुन्हा पुसला.

"तू गेलीस तर मला करमणार नाही गं."

"अगं बाई," आई म्हणाली, "निघालं एकदाचं ह्यांचं स्वतःचं म्हणणं."

भिंगरीच्या जिभेवर प्रश्न तयार होता. मला म्हणजे कुणाला? एवढ्यावर बाबा चीत झाले असते. पण तिने तो प्रश्न गिळून टाकला.

"खोड की," बाबा म्हणाले.

"नको. हे राहू दे."

त्यांनी फॉर्म भरला, सही केली आणि घडी घालून तिच्या हातात दिला. पाकिटात घालताना तिने तो उघडून पाहिला. 'अर्जदाराशी नातं' या रकान्यात बाबांनी लिहिलं होतं: वडील. अर्जदारावर अवलंबून.